स्कूल बोर्डावर धरलेला डूख

मी सहजासहजी विसरणारी बाई नाही. आमची आई म्हणायची, हिचा राग नाकावर असतो आणि तिथून हलत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावच्या स्कूल बोर्डाच्या अध्यक्षांना हे ठाऊक नव्हतं, हे त्यांचं दुर्दैव.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी मुलगी पहिलीत होती. घरी मराठी बोलायची, शाळेत इंग्रजी, तेही नीट, फक्त जरा हळू आवाजात. एक दिवस कळलं, ज्यांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत ती सगळी मुलं वेगळी काढून तळघरातल्या वर्गात बसवायची, असा ठराव बोर्डापुढे येतोय. परीक्षा नाही, चाचणी नाही. घरची भाषा पाहायची आणि पोराला जिना उतरवायचा.

नवरा म्हणाला, “अगं, उगाच इश्यू करू नकोस. आपण बाहेरची माणसं.” मी एकटी ड्राइव्ह करत मीटिंगला गेले. काय बोलायचं ते तोंडपाठ होतं. चर्चा झाली आणि अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “मॅडम, तुम्हाला काही बोलायचंय?”

आणि मी म्हणाले, “नो, नो, इट्स ओके.”

पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणतं का? आपण चहासुद्धा दुसऱ्या आग्रहानंतर घेतो. आता पुन्हा विचारतील म्हणून मी पदर सावरून तयार बसले. अध्यक्ष “थँक यू” म्हणाले, मतं घेतली, हातोडा आपटला, ठराव पास. पुढचा विषय जिमच्या गळक्या छपराचा होता.

माझी मुलगी तळघरात बसायला लागली आणि काही दिवसांनी अध्यक्ष ग्रोसरी स्टोअरमध्ये भेटले. हसून म्हणाले, “तुम्ही लोक कधी कुरकुर करत नाही, हे मला फार आवडतं.” माझ्या हातात कोबी होता. तो त्यांच्या टाळक्यात घालावा असं मनापासून वाटलं. घातला नाही, पण डूख धरला.

त्यानंतर दर मीटिंगला मी पहिल्या रांगेत. गावातल्या कोणालाही प्रत्येक विषयावर तीन मिनिटं बोलता यायचं. मी प्रत्येक विषयावर बोलले. दुधावर बोलले, बसवर बोलले, मैदानाचं गवत कापण्यावरसुद्धा बोलले. गवतातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. अध्यक्ष घड्याळाकडे बघायला लागले की माझ्या जिवाला थंडावा मिळायचा.

मग निवडणूक आली. त्यांच्याविरुद्ध एक रिटायर्ड लायब्ररियन बाई उभ्या होत्या आणि त्यांना तो तळघरातला वर्ग मुळीच पटत नव्हता. बोर्डाच्या निवडणुकीला गावात फारसं कोणी फिरकत नाही, हे मी मीटिंगांत बसबसून शिकले होते. आपली जी कुटुंबं सिटिझन झाली होती, त्या सगळ्यांना मी मतदार म्हणून रजिस्टर करायला लावलं. मतदानाच्या दिवशी एक काकू म्हणाल्या, “बर्फ पडतोय गं, कॅन्सल करूया का?” मी त्यांना स्वेटरसकट गाडीत कोंबलं. अध्यक्ष थोडक्या मतांनी पडले. निकाल ऐकतानाचा त्यांचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. आनंद झाला का? प्रचंड. अजूनही होतो.

नव्या बोर्डानं तळघरातला वर्ग बंद केला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मी दारातच उभी होते. मुलगी दिसल्याबरोबर मराठीतच ओरडले, “उद्यापासून तू वर, तुझ्या मैत्रिणींबरोबर!” तिनं घाबरून आजूबाजूला पाहिलं. धावत आली, मला खाली वाकवलं आणि माझ्या तोंडावर हात ठेवला.

“आई, टॉक इंग्लिश,” ती कुजबुजली. “दे विल हिअर यू. दे विल सेंड मी बॅक डाउन.”

खुर्ची गेली म्हणजे हिशेब चुकता झाला, असं मी तोवर धरून चालले होते. अध्यक्ष वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.