तोरणाखालून गेलेली मानाची जोडी

बैलांना आफ्रिकेतल्या भाषा थोड्याफार कळतात, हे मला सासुरवाडीच्या पोळ्यापर्यंत माहीत नव्हतं.

मी नाशिकच्या एका कॉलेजात ध्वनिशास्त्र शिकवतो. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या काही भाषांत जीभ टाळूला चिकटवून 'टॉक्', 'च्यक्' असे आवाज काढतात आणि ते चक्क व्यंजनं म्हणून वापरतात! पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी माझं यावर भाषण होतं, आणि गालाच्या कडेनं निघणारा एक 'ट्ल्क्' काही केल्या जमत नव्हता. (नाशिक रोडपासून बायकोनं तो ऐकून घेतला. वणी आल्यावर म्हणाली, "आता एक जरी काढलात, तर इथेच उतरेन!")

सोबत साडू विनायकराव. हे गणितातले डॉक्टर. विषय, बीजगणितातली सिमेट्रिक फंक्शन्स. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, एकदा विचारलं होतं, "म्हंजी नेमकं काय?"

"सोपं आहे नाना. क्षच्या जागी य घाला, यच्या जागी क्ष. उत्तर तेच!"

"मंग बदलायचं कशाला?"

यावर विनायकराव अजून विचार करताहेत.

नानांचं गाव कळवणजवळ. तिथला पोळ्याचा मान पाटलांचा, पण पाटील मुलाकडे परदेशी गेले आणि यंदा तो पहिल्यांदाच नानांकडे आला. वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी नानांची जाणार, तीही वाजंत्री लावून! नानांनी हरण्या-मोत्याची शिंगं रंगवली, नव्या झुली शिवून घेतल्या आणि स्वतःसाठी भगवा फेटा आणला.

वेशीत सगळ्या जोड्या मागे उभ्या राहिल्या. नानांनी कासरे आमच्या हातात दिले.

"फेटा बांधून येतो. नुसतं धरा. दुसरं काय बी करू नका, जावईबापू!"

नाना वळले न वळले तोच विनायकराव फोटोसाठी मोबाईल काढून म्हणाले, "हरण्याच्या शिंगावर ऊन येत नाहीये. बाजू बदलू या."

"अहो, राहू द्या!"

"जोडीला काय फरक पडतो? सिमेट्रिक आहे!"

डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे आला. जन्मभर एकाच बाजूला जुंपलेले ते बैल पंगतीत पान बदललेल्या व्याह्यांसारखे आमच्याकडे बघायला लागले.

आता निदान मी तरी गप्प बसावं! पण रिकामा वेळ मिळाला की माझी जीभ वळवळते. मी गालाच्या कडेनं हळूच काढला, 'ट्ल्क्!' आणि जमला! इतका सुरेख, की खात्री करायला मी पुन्हा काढला. नाना औत हाकताना हाच आवाज काढतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

जोडी निघाली. हरण्या आपली डावी बाजू शोधायला डावीकडे, मोत्या उजवीकडे. त्या गडबडीत कासऱ्यांची वेणी झाली, आणि वेणीत आम्ही दोघं!

"थांबवा!" विनायकराव ओरडले.

"कसं?"

"सुरू तुम्हीच केलंत ना!"

(सुरू कसं करायचं एवढंच मला येत होतं, तेही नुकतंच.) जोडी हलली की वाजवायचं, हे वाजंत्र्यांना पक्कं ठाऊक, त्यांनी दणक्यात सुरुवात केली. त्या दणक्यानं बैल उधळले. जीव मुठीत धरून आम्ही पुढे, शिंगं रोखून बैल मागे, असे वेशीतून गेलो आणि तोरण तुटून माझ्या गळ्यात पडलं.

अर्धा फेटा डोक्यावर, अर्धा हातात, असे नाना धावत आले. त्यांचा चेहरा बघून मला खरंच रडू येईलसं वाटलं. आयुष्यात एकदा मिळालेला मान आम्ही मातीत घातला होता.

सरपंचांनी भीत भीत विचारलं, "नाना, मानाची जोडी गेली म्हनायची का?"

नानांनी आम्हा दोघांना खालून वर न्याहाळलं. "गेली की! मागनं माझे बैल बी गेले."

सगळी वेस हसली. मग नानाही हसले, आणि माझा जीव भांड्यात पडला. माझ्या गळ्यातलं तोरण काढून परत बांधलं, हरण्या-मोत्या आपापल्या बाजूला आले आणि नाना पुरता फेटा बांधून वाजतगाजत तोरणाखालून गेले. पलीकडे पोचल्यावर आमच्याकडे बोट करून सरपंचांना म्हणाले, "बैलांना डावा-उजवा असतो. ह्या दोघांची कशी बी अदलाबदल करा, उत्तर त्येच!"

"नानांना माझा विषय समजला!" विनायकराव आनंदानं कुजबुजले.

मला हळहळून 'च्च्' करावंसं फार वाटलं. पण बैल शेजारीच उभे होते, म्हणून ध्वनिशास्त्राच्या प्राध्यापकानं तोंडावर हात ठेवला.