हरताळाच्या दिवशी भरलेली बाटली

मथुरामावशी गेल्याचं मला शिवडीच्या बाजारात कळलं, तेही तीन आठवडे उलटल्यावर. चिंबोऱ्या निवडता निवडता एक कोळीण सहज बोलून गेली आणि मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं... आता तिला कधीच सांगावं लागणार नाही, हा पहिला विचार. इतका मी भित्रा.

गोष्ट जुनी, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वर्षांतली. औषधं आणि स्नो-पावडर बनवणाऱ्या शिवडीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो. तिथली भांडी, पिंपं धुतलेलं पाणी गटारातून थेट खाडीत जाई. मावशी त्याच चिखलात गुडघाभर उतरून शिंपल्या काढी आणि लालबागला आमच्या चाळीत विकायला आणी. वर मूठभर जास्त घालून म्हणे, "ह्या बाबूच्या." पाण्याला फेस येतो, औषधाचा वास मारतो, पायांना फोड येतात, अशी कोळ्यांनी तक्रार केली तेव्हा त्यांच्यातल्याच एकासमोर पाण्याची बाटली भरून तपासायचं ठरलं. बाटली भरणारा मी, म्हणून साक्षीला मावशी आली. कारखान्याच्या साहेबांनी दिवस निवडला तो नेमका हरताळाचा. सगळं गिरणगाव बंद, आमचा कारखाना बंद, त्यात भरतीची वेळ, म्हणजे उरलीसुरली घाणही समुद्राच्या पाण्यात विरलेली.

"आज तर कारखाना बंद हाय ना रं, बाबू?" तिनं विचारलं.

"पाण्यात असेल ते आजही दिसतं, मावशी," मी म्हणालो.

"तू म्हंतो तर तसंच आसंल," म्हणत तिनं बाटलीवर लावायच्या चिठ्ठीवर अंगठा उठवला. थाप मारताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. नोकरी जाण्याची भीती होती हे खरं, पण भीती काय सगळ्यांनाच असते.

पाणी स्वच्छ असल्याचा अहवाल आला. मग कुरकुरणाऱ्या बायकांना मावशीच समजावू लागली, "आपल्या बाबूनं तपासलंय." तिच्या शब्दावर त्या पुन्हा चिखलात उतरल्या. तिच्या पायांवरचे फोड मात्र बरे होईनात. मी ते बघायचो आणि शिंपल्या मुकाट्यानं आत न्यायचो... पुढे तर त्या खाणंही सोडलं, तेही तिला न सांगता.

परवा तिच्या घरी गेलो. लेकीनं चहा दिला. दाराआड खुंटीला गमबुटांचा जोड टांगलेला होता. तोंडानं सांगवेना म्हणून मीच तिला कधीतरी आणून दिलेला. बुटांच्या तळांना चिखलाचा डागसुद्धा नव्हता.

"आयनं कदी घातलंच नाय," लेक म्हणाली. "म्हनायची, बाबूनं पानी तपासलंय, मंग बूट कशाला?"