गिरणीवाल्यांची रांगोळी

जमिनीवर पाय ठेवताना आपलं काहीतरी चुकतंय, असं जन्मभर वाटत आलेला माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमचे निरवांगीचे गिरणीवाले. बाकीचे लोक जमीन चालायला, नांगरायला, नाहीतर भावाशी कोर्टात भांडायला वापरतात. यांच्या मते ती बघायची वस्तू. कुणाच्या नव्या घरी गेले की भिंतीवरचे देव, फोटो, कॅलेंडर यांच्याकडे ढुंकूनही न पाहता ते आधी फरशी बघत. फरशी सपाट निघाली तर घरमालकाची अशी स्तुती करत, की त्या बिचाऱ्याला वाटावं, मुलीला स्थळच घेऊन आलेत.

निरवांगी माझी सासुरवाडी, आणि गावातली पिठाची गिरणी यांची. दिवसभर पिठात वावरणाऱ्या माणसाला रांगोळीचं वेड लागावं, यात तसं नवल नाही. दळण झालं की डब्यातलं पीठ तळव्यानं सपाट करायचं आणि ज्याचं दळण त्याच्या घरातला एखादा चेहरा त्यावर बोटानं काढून झाकण लावायचं, ही त्यांची रीत. त्याचे पैसे वेगळे नसत, पण वेळ वेगळा लागे. बाया ओट्यावर बसून कंटाळत, आणि हे आत डब्यात वाकलेले. एकदा आमच्या सासूबाईंचा चेहरा त्यांनी ज्वारीच्या पिठावर असा हुबेहूब उठवला, की माझ्या मेहुण्याची बायको दोन दिवस नुसता भातच शिजवत राहिली. "आत्याबाईंच्या तोंडात हात कसा घालू?" असं तिनं मला विचारलं. शेवटी सासूबाईंनीच डबा हलवला आणि सुटका केली.

खरी रांगोळी त्यांनी काढायला घेतली की मात्र घराला ग्रहण लागे. पंखा बंद, दारं बंद, शिंक आली तर उठून थेट ओढ्यापर्यंत जायचं. छटा देण्यासाठी चहाची गाळणी लागते म्हणून त्यांच्या घरात गाळणी टिकत नसे, आणि बायको फडक्यानं चहा गाळताना जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. फुंकरीनं रंग उडू नये म्हणून बोलताना ते तोंडावर हात धरत. ती सवय इतकी अंगात मुरली, की भर बाजारातसुद्धा तसेच बोलत, आणि नवख्या माणसाला वाटे, काहीतरी गुपित आहे. ऐन चैत्रात रंगाचे डबे मांडीवर घेऊन एसटीनं निघाले, तर त्यांनी अख्ख्या गाडीच्या खिडक्या लावायला लावल्या. घामाघूम झालेले लोक शिव्या देत होते आणि हे तोंडावर हात धरून प्रत्येकाचे आभार मानत होते.

असा सगळ्या गावाला गोड वाटणारा माणूस एकाच जागी कडू झाला होता. ती जागा म्हणजे त्यांचे वडील, आबा. घराणं मेंढरांचं. आबांनी उभी हयात कळपामागं काढली आणि मेंढरं विकल्यावर नाइलाजानं शेती धरली. बाप्यानं चिमटीत रांगोळी धरावी, हे त्यांना मरणापेक्षा वाईट वाटे. दिवाळीत अंगणात मुलाची रांगोळी असली की आबा परसातून, गोठ्यातून वळसा घालून बाहेर पडत. इतक्या वर्षांत त्यांनी मुलाचं एकही चित्र पाहिलं नव्हतं. गिरणीवाले हे हसत सांगत, पण सांगताना तोंडावरचा हात जरा घट्ट होई.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी बारामतीत चित्रकलेचा शिक्षक होतो. आम्ही काही जणांनी मिळून एक मोठा घाट घातला. बारामती-इंदापूरचे चित्रकार, एक मूर्तिकार, दोन कवी, गाणारे, आणि पुण्याहून एक नृत्याच्या बाई व त्यांच्या सहा मुली. सगळ्या कला एका मंगल कार्यालयात तीन दिवस एकत्र. मी गिरणीवाल्यांचं नाव सुचवलं. हॉलची मधली फरशी पाहून त्यांनी वाकून तिच्यावरून तळवा फिरवला. मग त्यांनी चार दिवस गिरणी बंद ठेवली, गुडघ्यांना पोती बांधली आणि चित्र सुरू केलं. माळरान, दोनशे मेंढरं, आणि मध्यभागी खांद्यावर घोंगडी टाकून उभे असलेले ऐन तरुणपणीचे आबा.

काम सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आबा यायला तयार झालेत. "मेंढरं काढलीत म्हणल्यावर आबा म्हणलं, बघू तरी," असं ते दोनदा म्हणाले. उद्घाटन चौथ्या दिवशी संध्याकाळी होतं. परतीची एसटी मिळणार नाही म्हणून आबा त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं येणार होते.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला इतकी वर्षं लागली. उद्घाटनाच्या शेवटी त्या सहा मुली रांगोळीवर नाचणार आणि रंगलेल्या पावलांचे ठसे पांढऱ्या कापडावर उमटवणार, हे आमच्या बैठकीत आधीच ठरलं होतं. चित्रातून नृत्य, नृत्यातून पुन्हा चित्र. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. गिरणीवाल्यांना हे कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी रोज त्यांच्यासाठी चहा घेऊन जात होतो, आणि रोज चहा देऊन परत येत होतो. आबांचं कळल्यावर तरी नाच एक दिवस पुढं ढकला, असं मी म्हणायला हवं होतं. पण पाहुणे ठरलेले, पत्रिका छापलेल्या, आणि पुण्याच्या बाईंसमोर मला गावंढळ ठरायचं नव्हतं. मी भित्रा होतो, एवढंच.

गाणं रंगात आलं, आणि घुंगरं बांधलेल्या मुली फरशीवर उतरल्या. मी गिरणीवाल्यांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून, तोंडावर हात धरून उभे होते. नेहमीसारखेच, म्हणून लोकांना काही वेगळं दिसलं नाही. टाळ्या थांबेनात. त्यांना व्यासपीठावर बोलावून शाल-नारळ दिला, तो त्यांनी वाकून घेतला. खाली आल्यावर माझ्याजवळ येऊन इतकंच म्हणाले, "सर, आबा उद्या येणार हायेत."

सकाळी आबा आले. धुतलेला पटका, हातात काठी. तुडवलेल्या रांगोळीच्या कडेला त्यांनी वहाणा काढल्या आणि उकिडवे बसून जमीन बघू लागले. माग काढण्यात उमर गेलेली. "सहा जणी हुत्या. एकीचा डावा पाय दुकत हुता," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. दाराजवळच्या कोपऱ्यात आखूड कानांच्या एका मेंढीचं तोंड तेवढं शाबूत राहिलं होतं. तिथं ते बराच वेळ थांबले.

"ही आपली बुची," ते म्हणाले. "दुष्काळात गेली ती. तू तवा एवढासा हुतास."

"व्हय."

"आन मी कुठं हुतो?"

गिरणीवाल्यांनी हॉलच्या मध्यभागी बोट दाखवलं. तिथं लाल, पिवळं, काळं सगळं कालवलं जाऊन मातकट झालं होतं. आबा त्या जागेकडे बघत राहिले.

"बरा दिसत हुतो का?"

गिरणीवाल्यांनी मान हलवली. मग आबांनी माझ्याकडे पाहिलं, बघणारच, मी मास्तर. मी काही म्हणायच्या आत मुलगाच बोलला, "सरांना बी ठाव न्हवतं, आबा. त्येंच्याबी तोंडचं पाणी पळालं हुतं काल." मी खाली बघितलं आणि गप्प राहिलो.

आबा त्याच वर्षीच्या थंडीत गेले. ते चित्र पुन्हा काढा, असं मी एकदा भीत भीत सुचवलं, तर गिरणीवाले म्हणाले, "काढीन की. पर ते बघायला कोण हाय आता?" गिरणी चालू आहे. डब्यातल्या पिठावर चेहरे अजून उठतात. सासुरवाडीला गेलो की आज सांगून टाकायचं, असं एसटीत बसतानाच ठरवतो. मी दिसलो की ते पट्टा थांबवून बाहेर येतात, ओट्यावरच्या बायांना सरकायला लावून मला जागा करतात आणि सगळ्यांना सांगतात, "माझं चित्र बारामतीला नेलं ते हे सर." बाया माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी थोडा वेळ बसतो, आणि गाडीची वेळ झाली असं सांगून उठतो.