सालवडचा फ्लॅट कोणी दाखवला?

मी पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. ज्या कागदावर शिक्का नाही तो कागद आलाच नाही, असं मानणारी मी बाई. अमावास्येला नवीन भांडी आणते, मांजर आडवं गेलं तर मांजरालाच हाकलते. त्यामुळे हे वाचून माझ्या ओळखीचे लोक हसतील... हसू देत. घडलं तसं सांगते.

रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून आम्ही बोईसरला, सालवडमध्ये, एक वन बीएचके घेतला. दुसरा मजला, लिफ्ट नाही, समोर शेवग्याचं झाड. आम्ही दोघं पालघरलाच राहतो, हा फ्लॅट भाड्याने द्यायला म्हणून घेतलेला. सगळे म्हणाले, "एमआयडीसी आहे, कंपन्या आहेत, भाडेकरू रांग लावतील." रांग कसली... सहा महिने फ्लॅट रिकामा!

चूक आमचीच होती, हे आता कळतं. ब्रोकरने आमच्या डोक्यात भरवलं होतं की बॅचलर नकोत, शिफ्टवाले नकोत, एकट्या मुली तर नकोच नकोत — "जबाबदारी असते मॅडम" — आणि मासे खाणारे नकोत. मी मूळची शिरगावची, सुक्या बोंबलावर वाढलेली. आणि मीच आलेल्या माणसांना तोंड वर करून विचारत होते, "तुम्ही मासे खाता का?" आज लिहितानाही लाज वाटते. बोईसरमध्ये या सगळ्या अटींतून जो पार पडेल, त्याचं आधीच स्वतःचं घर असतं!

शेवटी माझे मिस्टर वैतागले. "रविवारी एक जण बघायला येतोय. मिळेल त्या किमतीला विकून टाकू. नको ती डोकेदुखी." मला फार वाईट वाटलं. माझ्या स्वतःच्या कमाईची ती पहिली जागा होती.

त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास फोन आला. मुलीचा आवाज, एकदम खुशीत.

"काकू, मी राजश्री. आम्हा तिघींनाही फ्लॅट आवडला बघा. अ‍ॅग्रीमेंट कधी करायचं?"

"कुठला फ्लॅट?"

"सालवडचा की. खिडकीत बोर्ड आहे नव्हं तुमच्या नंबरचा. आत्ताच बघून खाली उतरलो."

"बघितला कसा? दोन्ही चाव्या माझ्याकडे आहेत."

"मावशींनी दाखवला की! दार उघडंच होतं. मावशी केर काढत होत्या."

मला आधी काय वाटलं असेल — चोर! दुसरं काय वाटणार? मुलींना तिथेच थांबायला सांगितलं, मिस्टरांनी स्कूटर काढली आणि उमरोळीमार्गे आम्ही तसेच सुटलो. तिघी मुली बिल्डिंगखाली रसवंतीजवळ उभ्या होत्या. राजश्री कोल्हापूरकडची, दुसरी जळगावची, तिसरी आपल्या जव्हारची. तिघी औषधांच्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला, शिफ्ट ड्युटी. घरमालक एकट्या मुलींना दारातूनच परत पाठवत होते, म्हणून एका कुबट खोलीत सहा जणी राहत होत्या.

आम्ही वर गेलो. दाराला कुलूप, जसंच्या तसं. इतकंच नाही... लाइट बिलवाल्याने दाराच्या फटीत खोचलेलं बिलही तिथेच, दुमडलेलं. दार उघडलं असतं तर ते खाली पडायला हवं. मी कुलूप काढलं.

आत लादी लख्ख. सहा महिने बंद असलेलं घर, आणि चपलेखाली धुळीचा कण नाही! केराचा छोटासा ढीग दारामागे नीट गोळा केलेला. आणि त्या फ्लॅटमध्ये केरसुणी नव्हती. मी कधी आणून ठेवलीच नव्हती.

मिस्टर माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. मुलींना कशाचा पत्ता नाही. त्या आपल्या उत्साहात मलाच माझा फ्लॅट दाखवत होत्या! "काकू, हा नळ उलटा फिरवायचा. पाणी अडीचला येतं, तेव्हा भरून घ्यायचं. दुपारनंतर या खोलीत वारा मस्त येतो." मालकीण मी, आणि पाण्याची वेळ मला भाडेकरूकडून कळत होती.

"मावशी आणखी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

राजश्री हसली, जरा लाजली, मग तिने नक्कल करून दाखवली : "मालकीन बोलायला कडक हाय गो, पन मनान वायट नाय. तिला सांगा, ही खिडकीची जाली सैल झालीय. आदी ती नीट कर म्हनावं, मंगच तुमी राहायला या. आनि जालीला हात लावू नुका."

माझ्या अंगावर काटा आला. कोल्हापूरची पोरगी, बोईसरला येऊन तिला जेमतेम दोन महिने झालेले, आणि ती अगदी आमच्या किनाऱ्यावरच्या बायकांसारखी बोलत होती. तो हेल शिकवून येत नाही.

दिसायला कशा होत्या मावशी? साठीच्या, सावळ्या, हिरवं लुगडं, पदर खोचलेला. मुली खाली उभ्या राहून बोर्ड वाचत होत्या, तेव्हा त्यांनीच खिडकीतून हाक मारली होती — "वर या गो पोरींनो, ऊन लागतंय."

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या लोखंडी जाळीसाठी ग्रिलवाला बोलावला. त्याने वरून एक नजर टाकली आणि म्हणाला, "भाभीजी, चार में से तीन बोल्ट गल गये हैं। ये तो भगवान भरोसे लटका है।" त्या खिडकीच्या बरोबर खाली बिल्डिंगची लहान मुलं संध्याकाळी खेळतात. मी तिथेच उभी राहून चारही बोल्ट नवे बसवून घेतले.

मग चौकशी सुरू केली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, अशी कोणी बाई इथे राहत नाही, कामालाही येत नाही. जिन्यात कॅमेरा आहे, पण तो गणपतीपासून बंद! मच्छी घेऊन येणाऱ्या बाईलाही विचारलं, तीही नाही म्हणाली. मग मला वाटलं, ज्यांच्याकडून फ्लॅट घेतला त्यांची आई असेल... म्हणजे, गेलेली. त्या गृहस्थांना फोन लावला. आडून आडून विचारत होते, तेवढ्यात पलीकडे कोणीतरी फोन हिसकावून घेतला.

"कोण विचारतंय माझ्याबद्दल? मी चांगली जिवंत आहे, आत्ताच बटाटेवडे तळलेत!"

मी माफी मागितली. त्यांनी मला वसईला वडे खायला बोलावलं. पण आमचं कोडं होतं तिथेच राहिलं.

खरा प्रश्न पुढे होता. मुलींना हे सांगायचं का? मिस्टर म्हणाले, "सांगशील तर पळतील." ते खरंच होतं. इतक्या महिन्यांनी कोणी हो म्हणालं होतं. पण नळ गळतो हे सांगायचं आणि हे लपवायचं, ते काही मला जमेना. शनिवारी अ‍ॅग्रीमेंटला बसलो, कागद समोर, पोलीस व्हेरिफिकेशनचे फोटो काढून झालेले. साक्षीदार कोण, असं विचारलं तेव्हा जव्हारची मुलगी म्हणाली, "मावशींनाच घेऊया ना!"

मग मी सगळं सांगितलं. कुलूप, बिल, केरसुणी, सगळं.

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. रसवंतीजवळ दिसलेला तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावरून उतरलेला मला दिसत होता. आणि मग राजश्री म्हणाली, "काकू, गेले दोन महिने ह्या गावात आम्हाला 'वर या' म्हणणारं एकच माणूस भेटलं. ते कोण होतं त्याच्याशी आम्हाला काय करायचंय? कुठं सही करायची सांगा."

मिस्टरांनी बाहेर जाऊन रविवारच्या गिऱ्हाइकाला फोन केला, "येऊ नका." परत आले ते पेढे घेऊनच.

मुली राहायला आल्या त्या दिवशी आम्हाला जेवायला बोलावलं. तांबडा रस्सा, वांग्याचं भरीत, नाचणीची भाकरी. फर्निचर काहीच नव्हतं, पाचही जण लादीवर वर्तमानपत्र पसरून जेवलो. आम्हाला मूलबाळ नाही. त्या घरात इतका हशा चालला होता, की शेजारीण बघायला आली आणि तीही बसली.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. मुलींना ती बाई परत दिसली नाही, घरात वावगं काही घडलं नाही. कोण होती, आमच्याच दारात का आली, कुलपाच्या आत कशी गेली — हे आजतागायत कळलेलं नाही.

गेल्या महिन्यात पंखा दुरुस्त करून घ्यायला मी एकटीच गेले होते. मुली ड्युटीवर. इलेक्ट्रिशियन गेल्यावर घर एकदम शांत झालं. कोणी ऐकत नाही असं बघून मी हळूच म्हटलं, "मावशी, आहात का? चहा टाकते."

दोन कप टाकला. पंधरा-वीस मिनिटं वाट पाहिली... मग दोन्ही मीच प्यायले.