चार्ज कोणाकडे?

शेजारच्या काकू चार दिवसांसाठी साताऱ्याला निघाल्या की आमची बेल वाजायची. दारात काकू. एका हातात विरजणाची वाटी, दुसऱ्या हातात फुलस्केपचा अर्धा कागद, कानामागे पेन. कागदावर डावीकडे लिहिलेलं ‘चार्ज दिला’, उजवीकडे ‘चार्ज घेतला’, आणि मध्ये यादी. तुळस एक, कुंड्या अकरा, विरजण वाटी एक.

"काकू, विरजणाचीही सही?"

"मग? जिवंत असतं ते. कर सही."

मी मुकाट्याने करायचे. परत आल्यावर काकू आधी कुंड्यांमधून बोट फिरवायच्या, पेरभर मातीत खुपसून बघायच्या, आणि मग वाटीतलं दही जिभेवर ठेवून म्हणायच्या, "बुधवारी लावलं नव्हतंस." खरंच लावलेलं नसायचं. कसं कळायचं देव जाणे.

त्यांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या बागांच्या खात्यात गेली होती. दिल्लीतल्या कितीतरी गोल चौकांतली हिरवळ त्यांच्या ताब्यातून गेलेली. तिथे बदली झाली की झाडाझाडाचा चार्ज द्यायचा, पुढच्याने तपासून सही करायची, आणि सही होईपर्यंत जुन्याने हलायचं नाही. देणारा आणि घेणारा एकच असून चालायचं नाही, हा नियम. रिटायर होऊन काकू दिल्लीच्याच द्वारका भागात आमच्या मजल्यावर एकट्या राहायला आल्या त्या हा नियम बरोबर घेऊनच. सोसायटीत कोणी नवीन कुत्रं पाळलं तरी लिफ्टमध्ये पहिला प्रश्न, "छान आहे. चार्ज कोणाकडे?"

आता माझं सांगते. मी गुरुग्राममध्ये एका टॉवरच्या तळमजल्यावरच्या आर्ट सेंटरमध्ये नोकरी करते. तुम्ही प्रदर्शनाला गेलात की दाराशी भिंतीवर लांबलचक मजकूर असतो ना, जो वाचून आपण गंभीरपणे मान हलवतो आणि ज्यातलं ओ की ठो कळत नाही? तो मी लिहिते. पोटासाठी माणूस काय काय करतं.

एका पावसाळ्यात आमच्याकडे ‘श्वासांचं अरण्य’ नावाचं काम आलं. कलाकार महाशय परदेशातून खास आलेले, मुद्दाम चुरगळलेल्या लिननच्या कुर्त्यात. हॉलमध्ये अंधार, चारी भिंतींना शेवाळ, भुश्शाच्या पोत्यांवर अळंबी, काचेच्या पेटीत गांडुळं, एका कुंडात मासे आणि मधोमध अरवलीतून आणलेल्या मातीचा ढीग. वरून जांभळा उजेड आणि धुकं सोडलेलं. स्पीकरमधून मुळांचा आवाज. मुळांना आवाज असतो का, हे मी विचारलं नाही. उलट भिंतीवर लिहून मोकळी झाले, की मुळं बोलतात, आपण ऐकत नाही. लोक चपला काढून आत जात, डोळे मिटत आणि एक डोळा उघडून सेल्फी घेत.

आठवड्याभरात शेवाळ पिवळं पडलं. एसीचा झोत थेट भिंतीवर. श्वासांच्या अरण्याला धाप लागली. कलाकाराच्या टीममध्ये आवाजाचा माणूस होता, उजेडाचा होता, धुक्याचासुद्धा होता. पाणी घालणारं कोणी नव्हतं. ते कोणाला सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, माझ्या शेजारी एक काकू आहेत.

काकू माझ्याच कॅबमधून आल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, पिशवीत डबा आणि झारी. दारावरचा माझा मजकूर त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"बरं." एवढंच. नवऱ्याने आयुष्यात इतका अपमान केला नाही माझा.

आत जाऊन त्यांनी मातीच्या ढिगात बोट खुपसलं, वास घेतला आणि कलाकाराला विचारलं, "इसका चार्ज किसके पास है?"

तो प्रसन्न हसला. म्हणाला, "आंटीजी, ये किसी का नहीं है. ये खुद अपना है. मैं इसमें कोई कंट्रोल नहीं चाहता."

"अच्छा," काकू म्हणाल्या. "फिर संडे को पानी कौन डालता है?"

काकूंना दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं.

मग मजाच सुरू झाली. बायका शेवाळाला गाल लावून उभ्या असत आणि काकू मागून ओरडत, "मॅडम, जरा साइड हो जाओ, पानी डालना है." एका कंपनीचे मोठे साहेब मातीच्या ढिगासमोर मांडी घालून ध्यानाला बसले. काकूंनी त्यांच्या मांडीवर पुठ्ठा ठेवला, कारण वरून गळत होतं. पण लोक भारी. त्यांना वाटलं, ही बाईसुद्धा कलाकृतीतच आहे! एका समीक्षकाने तर लिहून टाकलं, की या कामाचा गाभा म्हणजे झारी घेतलेली ती मौन वृद्धा, पृथ्वीचं थकलेलं रूप. मी ते काकूंना वाचून दाखवलं.

"थकलेलं? मेल्याला म्हणावं, ते भुश्शाचं पोतं उचलून दाखव एकदा."

आणि मौन म्हणे! दिवसभर काकूंचा आवाज स्पीकरमधल्या मुळांच्या आवाजाच्या वर चाललेला होता.

तिसऱ्या आठवड्यात मातीच्या ढिगातून एक कोंब वर आला. काकूंनी वाकून बघितलं आणि मला हाक मारली. "जांभूळ आहे गं. माती भरताना कोणी तरी खाऊन बी थुंकली असणार." इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "या एवढ्या पसाऱ्यात हे एकटंच आपल्या पायांनी आलंय बघ."

कलाकाराने मात्र बघताच नाक मुरडलं. "इसे निकाल दीजिए. ये मेरी कंपोज़िशन में नहीं है."

"आप तो बोले थे कंट्रोल नहीं चाहिए."

तो पुन्हा प्रसन्न हसला. असली माणसं अडचणीत आली की प्रसन्न हसतात. काकूंनी रोप मातीच्या गोळ्यासकट काढलं आणि स्पीकरच्या मागे, त्याला दिसणार नाही पण उजेड मिळेल असं लावलं.

प्रदर्शन संपत आलं. पुढच्या आठवड्यात त्याच हॉलमध्ये नव्या मोटारीचं लॉंचिंग होतं. सोमवारी ट्रक येणार आणि सगळं अरण्य मलब्याबरोबर जाणार, असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, कोणी वेगळा विचारच केला नव्हता. शुक्रवारी काकू फुलस्केपचा अख्खा कागद घेऊन आल्या. शेवाळ, भिंती चार, पैकी जिवंत अडीच. अळंबी, पोती सहा. मासे एकवीस. गांडुळं, मोजता आली नाहीत, पण भरपूर. जांभूळ एक, आपोआप आलेलं. खाली डावीकडे काकूंची सही. उजवीकडची जागा मोकळी.

कागद आधी कलाकाराकडे गेला. त्याचे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. "ब्यूटिफुल," म्हणाला, "ये तो खुद एक आर्टवर्क है." ही यादी त्याला परदेशातल्या पुढच्या प्रदर्शनात फ्रेम करून लावायची होती. काकूंनी पेन पुढे केलं. त्याने मोबाईलवर कागदाचा फोटो काढला आणि एअरपोर्टला निघून गेला.

मग कागद आमच्या डायरेक्टर मॅडमकडे. त्या म्हणाल्या, "आंटी, आप समझीं नहीं. इथे जे नष्ट होतं तेच खरं प्रदर्शन, हे तर आम्ही भिंतीवरच लिहिलंय." मॅडम दिल्लीच्याच मराठी, मराठी फक्त माझ्याशी बोलायच्या तीही मोडकी, पण हे वाक्य अगदी शुद्ध बोलल्या. बोलणारच. माझंच वाक्य होतं ते.

काकू माझ्याकडे वळल्या. "मग तू घे."

"मी?"

"बाकीचं मी बघते. मासे, गांडुळं सोसायटीत जातील. जांभळाचं म्हणतेय. ते कुंडीत राहणारं झाड नाही, जमिनीत जायला हवं. पहिली चार-पाच वर्षं बघावं लागतं. माझं वय बघ. चार्ज घेणारं कोणी असल्याशिवाय मी झाड लावत नाही."

आणि मी काय म्हटलं असेन? म्हटलं, काकू, माझं सगळं वेळापत्रक कसं असतं तुम्हाला माहीत आहे, आमच्या बाल्कनीत ऊन येत नाही, आणि पुढेमागे आम्ही गुरुग्रामलाच शिफ्ट होऊ. तीन कारणं दिली, तिन्ही खोटी. विरजणाला सही करताना मी हसत होते, झाडाला करताना हात आखडला. मला तेव्हाच लाज वाटली होती. अजून वाटते.

कागद टेबलावर ठेवून काकूंनी उजवीकडेही स्वतःचीच सही केली.

"देणारी मी, घेणारी मी," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षांत असा कागद केला नव्हता."

कॅबवाल्याशी भांडून आम्ही दोन बादल्या मासे, पत्र्याच्या डब्यात गांडुळं आणि रंगाच्या रिकाम्या बादलीत जांभूळ घेऊन द्वारकेला आलो. मासे सोसायटीच्या बंद कारंज्यात गेले. सेक्रेटरींनी नोटीस लावली. पुढे डास कमी झाले तेव्हा गुपचूप काढली. गांडुळं बागेत. जांभूळ मात्र काकूंच्या बाल्कनीत, बादलीतच. वर्ष गेलं, दोन गेली. लिफ्टमध्ये भेटल्या की विचारायच्या, "काय, घेतेस का चार्ज?" मी हसायचे. त्याही हसायच्या. मला वाटायचं, आता ही आमची थट्टाच झालीये.

तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये मी एका नव्या प्रदर्शनाच्या गडबडीत होते. विषय काय, तर नद्यांचं दुःख. काकूंना छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं, हे मला वॉचमनकडून कळलं. उद्या बघून येऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी काकू नव्हत्या.

तेराव्यानंतर साताऱ्याहून आलेला त्यांचा पुतण्या फ्लॅट रिकामा करत होता. चांगला माणूस, बँकेत नोकरी. त्याने आमची बेल वाजवली. हातात रंगाची बादली, बादलीत कमरेएवढं जांभूळ, आणि फांदीला दोऱ्याने बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत फुलस्केपचा अर्धा कागद.

"ताई, तारखेवरून काकूने दवाखान्यात जायच्या दिवशी बांधलेला दिसतोय. यावर कोणाची तरी सही लागते वाटतं. कोणाची ते काही लिहिलेलं नाही. तुम्हाला काही माहीत आहे?"

कागदावर यादी एका ओळीची होती. जांभूळ एक. डावीकडे काकूंची सही, अक्षर जरा हललेलं. उजवीकडे ‘चार्ज घेतला’, आणि खाली मोकळी जागा. या वेळी तिथे त्यांनी स्वतः सही केली नव्हती.

"माझी," मी म्हटलं. "माझी सही राहिलीय."

त्याने खिशातून पेन काढून दिलं. भिंतीच्या भिंती लिहून भरल्यात मी आजवर. त्या दिवशी फक्त नाव लिहिलं. पुतण्याने कागद बघितला, ठीक आहे ना म्हणून विचारलं आणि सामान बांधायला गेला.

मी बादली बाल्कनीत ठेवली. तिथे भरपूर ऊन येतं. खाली बसले आणि पेरभर बोट मातीत खुपसलं. पंधरा दिवस कोणी बघितलं नव्हतं. माती खालपर्यंत कोरडी होती. मी पाणी आणायला उठले.