शुक्रवारी लागणारा लाल दिवा

नायिफला गाडी खोलायला भारी आवडायचं, आणि बोलण्याआधी विचार करायला मुळीच नाही. सॉल्ट गावातल्या आमच्या चढाच्या गल्लीत हे पोराटोरांनाही ठाऊक. शाळेच्या प्रयोगशाळेत तो मदतनीस. जुनी हायब्रिड गाडी त्याने कधी मेकॅनिकला दाखवली नाही. ऑइल, ब्रेक, सगळं दारातच, अकरा वर्षांच्या लेकीला, तुलीनला, हाताशी घेऊन. पोरगी पाना द्यायची तो प्रश्नासकट.

तर झालं असं, की गाडीत बॅटरी तापल्याचा लाल दिवा लागायला लागला. तोही फक्त शुक्रवारी! शुक्रवारी नायिफची आई मागच्या सीटवर बसून अजलूनला आपल्या आजारी बहिणीकडे जायची. तिसऱ्या शुक्रवारी गल्लीच्या चढावरच दिवा लागला, तेव्हा हा पठ्ठ्या शेजाऱ्यांसमोर हसत म्हणाला, "आई, तू बसलीस की गाडीला ताप येतो. पांढऱ्या पायाची आहेस की काय?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला! म्हातारी गुडघे धरत उतरली. बसायला अंथरलेलं मेंढीचं लोकरीचं कातडं काखेत मारलं. "अल्लाची शपथ, या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही," म्हणाली आणि घरात गेली. बसच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. तीन आठवडे बहीण फोनवर विचारत होती, "का गं, रागावलीस का माझ्यावर?" नायिफला ते ऐकवत नव्हतं.

शेवटी त्याने मागची सीट उचकटली. सेफ्टी प्लग काढला, हातमोजे चढवले आणि बॅटरीचे अठ्ठावीस सेल एकेक करून मीटरवर तपासले. तुलीन आकडे गणिताच्या वहीत उतरवत होती.

"बाबा, सगळे सारखेच आहेत."

"असं कसं होईल? एखादा तरी नासका असणारच."

"नाहीये. मग तापते कशाने? आणि शुक्रवारीच का?"

नायिफने डोकं खाजवलं. सगळं परत जोडलं. तेवढ्यात तुलीन घरात पळाली आणि आजीचं कातडं घेऊन आली. आजीसारखंच दारापर्यंत सरकवून अंथरलं आणि आजीसारखीच आडवीतिडवी ऐसपैस बसली.

"हे काय नवीन खूळ?"

"मी आजी आहे. चला अजलूनला!"

निघाले. पहिला चढ गेला, दुसरा गेला. भट्टीच्या वळणावर दिवा लागला, लालभडक.

"बाबा! आजी नाहीये, तरी लागला!" पोरगी आनंदाने ओरडलीच. नायिफने गाडी कडेला घेतली आणि कातडं उचललं. सीटच्या बगलेला हवा आत घ्यायची जाळी होती, बॅटरीचा पंखा तिच्यातूनच श्वास घ्यायचा. जाळीतून तुलीनने बोटाने वर्षानुवर्षं साचलेली मूठभर लोकर ओढून काढली; अर्धी जाळी तिनेच तुंबलेली, उरलेली शुक्रवारी कातड्याखाली झाकली जायची.

घरी येताना नायिफ म्हणाला, "आजीला सांगायचं, धूळ होती."

"पण लोकर होती ना?"

आणि पोरीने ती थेट आजीच्या हातावरच ठेवली. म्हातारीने बोटांत चुरून पाहिली. "माझ्याच मेंढीची. सहा वर्षं मी गाडीच्या नाकावर बसलेय, आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही!" ती आधी हसली. मग हसू गेलं. "नायिफ, बॅटरीचे अठ्ठावीस तुकडे तपासलेस. मला बोल लावायच्या आधी एक तरी तपासायचास. तीन आठवडे मी स्वतःतच खोट शोधत होते रे."

नायिफने तिचा हात ओठांना लावला, कपाळाला लावला. "चुकलो, आई. शुक्रवारी चल."

"शपथ घेतलीय मी. ती मोडायची तर दहा गरिबांना जेवण. तू वाढायचंस. आणि कशाचं जेवण म्हणून विचारलं, तर खरं सांगायचं."

गुरुवारी दुपारी तुलीनने जाळीवर तारेची उंच टोपी बसवली, लोकर टेकूच नये म्हणून. तिकडे नायिफ अंगणात भात आणि मटण वाढत होता. दहाही जणांनी विचारलं. दहाही वेळा त्याने आपण आईला काय म्हणालो ते सांगितलं, आणि दर वेळी मान आणखी खाली गेली. दहावा म्हातारा भंगारवाला होता. तो घास हातात धरून ऐकत राहिला.

"मग, गेली का बहिणीकडे?"

"उद्या जातेय," नायिफ म्हणाला.