अध्यक्षांनी चूळ भरली

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी भालकीतल्या एका समाजसेवी संस्थेच्या बैठकीत अध्यक्षांनी माझ्या घरची भाकरी खाल्ली, नंतर उठून चूळ भरली.

मी तरुणांसाठी उद्योग-प्रशिक्षणाचा प्रस्ताव घेऊन गेले होते. कलबुर्गीत कडक भाकरीच्या कारखान्यात मी तीन वर्षं काम केलं. ज्वारीची पातळ भाकरी, पापडासारखी वाळवलेली, महिनाभर टिकते. आमच्या खटकचिंचोळी गावातल्या बारा मुलामुलींना भाजण्यापासून परवान्यापर्यंत सगळं शिकवायचं होतं. संस्थेची शेड रिकामी होती. तीच मागायची होती.

नमुना म्हणून पाकीट ठेवलं. अध्यक्षांनी तुकडा मोडला.

"खुसखुशीत हाय. कुणाच्या घरची?"

"आमच्याच, अप्पा. आईनं नि मी केली."

"घर कुठं म्हणलीस?"

"विहाराजवळ."

ते चिडले नाहीत. व्हरांड्यात गेले. तीनदा चूळ भरल्याचा आवाज आला. रुमालानं तोंड पुसत परत बसले. बाकीच्यांनी पाकिटाला हात लावला नाही.

"राग धरू नको, पोरी. योजना चांगली हाय. भाजायला दुसऱ्या बाया ठिवू. तुमची पोरं पाकिटं भरतील, गाडीवर माल पोचवतील."

"न्हाई तर सगळा माल ह्या अप्पालाच खावा लागंल," एक सदस्य म्हणाला. सगळे हसले. अप्पाही.

सचिव अक्का माझ्याकडे झुकल्या. "हो म्हण. शेड मिळायलीय."

शेड खरोखरच मिळत होती. यादीतली बारा नावं समोर होती. त्यातली बहुतेक मुलं ऊसतोडीला जाणारी. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. तोवर माझा समज होता की माल चांगला असला की पुरे. माल चांगला होता. त्यांनीच तसं म्हटलं होतं.

"भाजणार आम्हीच," मी म्हणाले. "तसं न्हाई तर शेड नको."

अक्कांनी इतिवृत्तात लिहिलं: प्रस्ताव मागे घेतला.

"मागं घेतला न्हाई. का नाकारला ते लिवा."

"कामून लिवायचं?" अध्यक्ष म्हणाले. "घरातलं बोलणं हाय."

"मग मी लिवते."

प्रस्तावाच्या प्रतीवर मी लिहिलं: अध्यक्षांनी काय खाल्लं, काय विचारलं, त्यानंतर काय केलं. खाली सही केली. पोच द्यायला कुणी तयार झालं नाही. ती प्रत मी पोस्टानं रजिस्टर पाठवली. आठवड्यानं पोचपावती आली, अध्यक्षांच्या सहीची. उत्तर आलं नाही.

संक्रांतीनंतर संस्थेनं तीच योजना स्वतःच्या नावानं सुरू केली. माझ्या यादीतले तिघे तिथं पाकिटं भरतात. त्यांनी मला सांगूनच काम धरलं.

उरलेले नऊ जण विहारामागच्या पत्र्याच्या खोलीत भाकरी भाजायला शिकत आहेत. मी शिकवते. परवान्याचा अर्ज आम्ही आमच्या नावानं आणि आमच्या पत्त्यावर केला आहे.